लेपनानांची डावी बाही

लेपनानांच्या सदऱ्याची उजवी बाही मनगटापर्यंत यायची आणि डावी कोपराच्या वरच संपायची. ती फाटली म्हणून कापलेली नसे. शिंप्याकडून मुद्दाम तशी शिवून घेतलेली असे. शहापूरच्या पेठेतला त्यांचा शिंपी सांगायचा, की नानांच्या सदऱ्यात कापड वाचतं खरं, पण आपला हात सवयीनं दोन्ही बाह्या सारख्याच बेततो आणि मग एक कापावी लागते. परगावच्या माणसाला वाटे, या गृहस्थांना काहीतरी व्याधी असावी. पेठेतल्यांना त्या उघड्या हाताचं कारण माहीत होतं. बाजाराला येणाऱ्या बायका तर दुकानात शिरल्या की नानांच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्या हाताकडे बघत.

त्या हातावर चौकोन असत. शाईची पेन्सिल जिभेला लावून नाना मनगटापासून कोपरापर्यंत खाचरांच्या बांधांसारख्या रेघा आखत आणि प्रत्येक खाचरात वेगळा लेप देत. एकात नवा साबण घासलेला, एकात खरजेचं मलम, एकात मुंबईहून आलेलं वासाचं तेल. नानांचं दुकान किराणा आणि कटलरीचं होतं. मीठमिरची ते कुठल्याही दुकानदारासारखी विकत. पण माणसाच्या कातडीला लागणारी एकही नवी वस्तू स्वतःच्या कातडीला लावून बघितल्याशिवाय त्यांनी कपाटात ठेवली नाही. नियम एकच. या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत ती वस्तू रोज हातावर लागायची. तेवढ्यात कातडी लाल झाली, खाजली, पुरळ उठलं, तर माल परत. त्यांचे शब्द ठरलेले असत. माल नापास झाला की म्हणायचे, "हात बोलला." पास झाला की, "हात बोलला नाय." आणि मध्येच कुणी घाई केली तर, "थांब जरा. हात अजून बोलायचा हाय."

मी मुरबाडला भाताच्या गिरणीत काट्यावर होतो. नाना शहापूरचे. आमचं रक्ताचं नातं नाही. त्यांची ओळख मला झाली ती माझ्या लग्नाच्या निमित्तानं, आणि लग्न झालं तेही त्यांच्याचमुळे असं म्हटलं तर चूक होणार नाही. पुढे जे लिहितो आहे त्यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलं आणि काही माझ्या बायकोकडून, म्हणजे जानकीकडून, ऐकलं. ऐकलेलं तेवढं ऐकलेलं म्हणूनच सांगेन.

नव्या वस्तूंची नानांना भीती नव्हती, उलट हौस होती. जुनं तेवढंच चांगलं म्हणणारे दुकानदार पेठेत होते. नाना त्यांतले नव्हते. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचा एजंट पेटी घेऊन पायरीवर आला, की नाना हातातलं माप खाली ठेवून बाही मागे सारल्यासारखं करत. सारायला बाही नसायचीच, पण ती सवय होती. डबी उघडून आधी वास घ्यायचे, मग बोटांत चोळून बघायचे आणि म्हणायचे, "नवी पाव्हणी आली. आता राहू दे तिला आठवडाभर आमच्याकडं." एजंट लोक वैतागत, कारण तोवर मागणी नोंदवली जात नसे. एकानं त्यांना केस वाढवणारं तेल दिलं होतं. तेही नानांनी नियमाप्रमाणे हातावर लावलं. पुढच्या बाजारी सापगावच्या एका म्हाताऱ्यानं हात उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "नाना, केस किती उगवले?" नाना गंभीरपणे म्हणाले, "केसांचं मला ठावं नाय. टकलाला इजा होनार नाय, एवढंच हात सांगतो." त्यांना जेवढं कळलं तेवढंच ते बोलत, आणि मला वाटतं याच गोष्टीसाठी ते मला पहिल्यापासून आवडले.

भाताची लावणी सुरू झाली, की बायकांच्या पायांना चिखल्या होत. दिवसदिवस चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या कुजतात, हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. अशा वेळी मामलेदारांच्या घरच्या बाई दुकानात असोत, की वाडीवरची कातकरीण भिजलेली टोपली घेऊन पायरीखाली उभी असो, नाना दोघींपुढे तोच हात करत आणि तेच सांगत. कातकरणीला पायरीवर बसवून मोहाच्या तेलात मेण कालवलेलं मलम आधी स्वतःच्या हाताला लावून दाखवत, मग तिच्या पानावर घालत. हे मलम त्यांच्या हातावर किती वर्षांपूर्वी पास झालं होतं कोण जाणे. तरी दर वेळी नव्यानं दाखवत. "तिनं बघितलेलं नाय ना," एवढंच म्हणत.

जानकी सापगावची. तिचे वडील भात आणि थोडी नागली करणारे शेतकरी. नानांच्या दुकानाशी त्या घराचा दोन पिढ्यांचा राबता. जानकीला नाना जन्मापासून ओळखत आणि तीही त्यांना घरच्यासारखी नाना म्हणे. तिचा चेहरा तरतरीत होता, पण उन्हातान्हात राबून गाल रापलेले आणि थंडीत कातडी खरखरीत व्हायची. यात नवल काहीच नाही, शेतावरच्या सगळ्याच पोरींचं तसं होतं. पण मुरबाडहून माझ्या घरचा निरोप गेला, की मुलगा सातवीची फायनल पास आहे, गिरणीत नोकरीला आहे आणि भात झोडून झालं की आम्ही मुलगी बघायला येऊ, तेव्हा सासूबाईंना, म्हणजे जानकीच्या आईला, तो खरखरीतपणा एकदम दिसायला लागला. आत्तापर्यंत त्यांनी तो पाहिलाच नव्हता, असं जानकी म्हणते.

त्याच सुमारास नानांकडे एक नवा माल आला होता. मुंबईच्या एका कंपनीचा. तिचं नाव लिहिण्याचं कारण नाही, ती कंपनी पुढे राहिलीही नाही. साबण, दिवसा तोंडाला लावायचा स्नो आणि झोपताना लावायचं मलम अशा तीन वस्तू होत्या, आणि तिन्ही मिळून वापरल्या की कातडी निरोगी होते, मऊ होते, उजळते, असं एजंट सांगत होता. डबीवर मोराचं चित्र होतं. सासूबाईंनी मोराची डबी मागितली, नाना म्हणाले हात अजून बोलायचा आहे. पुढच्या बाजारी त्या पुन्हा गेल्या. नानांनी हात पुढे केला. तिन्ही चौकोन स्वच्छ होते. आजूबाजूच्या कातडीहून वेगळे ओळखूही येत नव्हते. नाना खुशीत होते. एवढा चांगला माल फार दिवसांत आला नव्हता, असं ते म्हणाले आणि तिन्ही वस्तू त्यांनी स्वतः जानकीच्या ओंजळीत घातल्या. "लाव गो बिनघोर. हात बोलला नाय."

साबणानं काही झालं नाही. स्नोनंही नाही. मलमानं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच गाल चुरचुरायला लागला. जानकीनं आईला सांगितलं. आई म्हणाली, नानांच्या हातानं घेतलंय ते, चुरचुरतं म्हणजे गुण येतोय. नानांचा शब्द त्या घरात इतका पक्का होता, की पोरीच्या गालापेक्षा नानांच्या हातावर विश्वास ठेवला गेला. जानकी लावत राहिली. डाव्या गालावर जास्त लावायची, कारण खरखरीतपणा तिकडे जास्त होता. कातडी लाल झाली, मग तिचे पापुद्रे निघाले, आणि पापुद्रे निघून गेल्यावर खाली पांढरा डाग राहिला. सुपारीपेक्षा मोठा, कडा स्पष्ट, सावळ्या गालावर लांबून दिसेल असा.

आमच्याकडे लग्नाच्या पोरीच्या तोंडावर पांढरा डाग म्हणजे लोक काय समजतात, ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. कोड. एकदा तो शब्द गावात फिरला, की त्या पोरीचंच नव्हे, तिच्या पाठच्या बहिणींचंही लग्न अडतं. जानकीला दोन धाकट्या बहिणी होत्या. सापगावच्या पाणवठ्यावर तो शब्द निघाला आणि तिथून किन्हवलीच्या वाटेनं आमच्याकडे मुरबाडला यायला त्याला फार वेळ लागला नाही.

नानांनी तो गाल बाजाराच्या दिवशी पाहिला. हे जानकीनं सांगितलेलं. दुकानात गर्दी होती. तिनं पदर बाजूला केला. नानांनी तिला हनुवटीला धरून पायरीवर, उजेडात आणलं, बराच वेळ बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. मोराचे चौकोन अजून तिथंच होते, स्वच्छ. त्यांनी उजव्या हाताच्या नखानं तो हात ठिकठिकाणी जोरात ओरबाडला, कुठंच झोंबलं नाही, आणि त्यांच्या लक्षात आलं. बिब्बा, सोडा, करंज, गंधक, जगातलं सगळं वर्षानुवर्षं त्या हातानं सोसलं होतं. वर ऊन. ती कातडी आता कातडी राहिलीच नव्हती, चपलेचा तळ झाली होती. नाना कुणाला उद्देशून न बोलता म्हणाले, "हा मुका झालाय. कवा झाला ते मला कळलंच नाय."

त्यांनी भर बाजारात दुकान बंद केलं. शहापूरला ही गोष्ट पूर्वी कुणी पाहिली नव्हती. घरी जाऊन मोराच्या डबीतलं मलम त्यांनी स्वतःच्या डाव्या गालावर लावलं, आणि पुढे रोज लावत राहिले. नानी भांडल्या. म्हणाल्या, पोरीचा गाल गेला तो गेला, आता तुमचाही घालवून तिचा परत येणार आहे का? नाना म्हणाले, "येनार नाय. पण तिचं तोंड कुनी खोटं म्हनलं तर शेजारी माझं असू दे." दुकानात लाल गाल घेऊन बसत. पेठेतल्यांना तो आयता विषय मिळाला. रोज कुणीतरी विचारायचं, नाना, या वयात गालाला लाली कशापायी, लगीन हाय काय? नाना वजन करता करता म्हणत, "व्हय, मुरबाडचे पाव्हणे येनार हायेत बघायला." लोकांना ते विनोदानं बोलतात असं वाटे. ते खरंच सांगत होते.

आता इथून पुढचं मी पाहिलेलं आहे. आम्ही बैलगाडीनं निघालो, वडील, काका आणि मी. काकांच्या मनात जायचंच नव्हतं. वाटेत किन्हवलीला गाडी सोडली तेव्हा तिथं एकानं पुन्हा कोडाचं कानावर घातलं, आणि काका गाडी मुरबाडच्या दिशेनं वळवायला लागले. वडील म्हणाले, निरोप देऊन न जाणं बरं दिसत नाही, पाणी पिऊन नाही म्हणून येऊ. अशा मनानं आम्ही सापगावला पोचलो.

ओटीवर घोंगडी अंथरली होती. सासऱ्यांच्या शेजारी एक साठीकडे झुकलेले गृहस्थ बसले होते, सदऱ्याची एक बाही लांब आणि एक आखूड. गूळपाणी झालं. सासरे मुलीला हाक मारणार, तोच ते गृहस्थ उठून काकांच्या समोर येऊन बसले, तोंड उजेडाकडे केलं आणि म्हणाले, "पाव्हणे, आधी मला बघा. मग पोरीला."

काका म्हणाले, तुमच्याशी सोयरीक करायला आम्ही आलेलो नाही. ओटीवरच्या दोघातिघांना हसू आलं. नाना हसले नाहीत. डावा गाल दाखवून त्यांनी सगळी हकीकत सांगितली, जशी वर लिहिली आहे तशीच, स्वतःची चूक कुठं झाली त्यासकट. मग जानकीला बोलावलं. ती पदर न घेता आली. सासूबाईंनी डागाला हळद-पीठ लावायचं ठरवलं होतं, तिनं लावू दिलं नव्हतं. नाना तिच्या शेजारी उभे राहिले. दोन डाव्या गालांवर दोन पांढरे डाग. आकार वेगळा, कडा आणि रंग सारखा. नानांनी मोराची डबी घोंगडीवर ठेवली. "दोन्ही गाल या एका डबीचे. माझ्या घरात कुनाला कोड नाय, हिच्या घरात नाय. तरी संशय असंल तर ही डबी हाय, तुमच्यातल्या कुनीबी लावून बघा."

काकांनी डबीला हात लावला नाही. मी लावला. यात धाडस नव्हतं, माझ्या धंद्याची खोड होती. काट्यावर दोन वजनं एकमेकांशी बरोबर निघाली, की ती दोन्ही खरी असतात असं नाही. दोन्ही सारखीच खोटी असू शकतात. तिसऱ्याशी ताडून बघावं लागतं. मी नानांना म्हणालो, यातलं थोडं मला पानावर द्या. काका माझ्याकडे वेड लागल्यासारखे बघायला लागले. नाना मात्र पहिल्यांदा हसले. सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "ह्यो मानूस बरोबर हाय."

तेव्हा जानकी बोलली. मुलीनं पाहुण्यांपुढे आपणहून बोलायची पद्धत नव्हती, म्हणून ते सगळ्यांच्या ध्यानात राहिलं. ती मला म्हणाली, "तुमी लावून बघा. पण ते रोग नाय हे ठरलं, तरी रंग परत आला नाय तर काय, त्येबी ठरवून या." मी काट्यावरचा माणूस. जे तोलून बघितलेलं नाही त्यावर मी आकडा सांगत नाही. मी मान डोलावली आणि आम्ही उठलो.

मुरबाडला आल्यावर मी ते मलम मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी पातळ असते तिथं, लावत राहिलो. गिरणीत भाताचं तूस लागून ते जास्तच झोंबायचं. पुढच्या बाजाराच्या आत जागा लाल झाली, पापुद्रा निघाला आणि खाली पांढरं दिसलं. मी वडिलांना मनगट दाखवलं. ते म्हणाले, रोग नाही हे ठरलं, पण तिचा दुसरा सवाल? मला मधल्या दिवसांत त्याचं उत्तर सापडलं होतं. काकांसारखा माणूस समोर बसलेला असताना पीठ न लावता जी उजेडात उभी राहिली, तिच्या गालावर काय राहतं आणि काय जातं याचा मला फरक पडत नव्हता. मी निरोप पाठवला: रंग परत नाही आला तरी चालेल. काका लग्नाला आले, पण जेवताना माझ्याशी बोलले नाहीत.

या गोष्टीवरून जानकी मला अजून टोमणा मारते. पाहुणे आले की सांगते, "मला बघून नाय, मनगट बघून हो म्हनले."

तिच्या गालाचा रंग हळूहळू परत आला. आधी डागाच्या मध्ये ठिपके दिसले, मग ते एकमेकांना मिळाले. माझं मनगट त्याआधीच भरलं होतं. नानांचा गाल भरला नाही. वयामुळे असेल, किंवा जास्त दिवस लावलं म्हणून असेल, नक्की कारण मला माहीत नाही. आम्ही माहेरपणाला सापगावला गेलो, की जानकी शहापूरला त्यांच्या दुकानी जायची, आणि गेल्या गेल्या नाना तिला हनुवटीला धरून पायरीवर उजेडात न्यायचे. बघायचे, मान हलवायचे आणि मग काय हवं ते विचारायचे.

पण पहिल्याच भेटीत मला एक दिसलं. नानांच्या सदऱ्याची डावी बाही मनगटापर्यंत आली होती. शिंप्याला त्यांनी सांगितलं होतं, आता दोन्ही सारख्या. कपाटातल्या नव्या वस्तू गेल्या होत्या. शिकेकाई, मोहाचं तेल, कोकमाचं तेल, जे आजीपणजीच्या काळापासून चालत आलं तेवढंच राहिलं होतं. एजंट आला तर त्याला पाणी देत आणि पेटी न उघडताच वाटेला लावत. कुणी विचारलंच तर म्हणत, "माझ्या हाताचा शब्द गेला. आता दुसऱ्या कुनाला इचारा." बायका खरंच दुसरीकडे विचारायला लागल्या. दुसरीकडे हात नव्हता. जे आलं ते विकलं जात होतं.

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली. साबण मिळेना, तेल मिळेना, आणि जे मिळेल ते कुठं बनलं याचा पत्ता नाही. बाजारात फिरते लोक कागदाच्या पुड्यांतून आणि बिनचिठ्ठीच्या डब्यांतून मलमं विकायला लागले. एकदा चिखल्यांच्या दिवसांत आम्ही शहापूरला होतो. वाडीवरची एक कातकरीण दुकानासमोरून गेली ती टाचांवर चालत. तिच्या पायाच्या बोटांचं सालटं निघालेलं. कुठल्याशा फिरत्याकडून घेतलेलं मलम लावलं होतं. नानांनी तिला आत बोलावून पाय धुवायला लावले आणि मोहाचं तेल दिलं. देताना पूर्वीसारखं ते हाताला लावून दाखवायला गेले, तर बाही आडवी आली. जानकी ते बघत होती.

परत आल्यावर तिनं कापड आणलं. त्या काळात कापड मिळवणं म्हणजे काय होतं ते त्या काळातल्यांना विचारा. तिनं स्वतःच्या चोळ्या शिवणं पुढं ढकललं. तिनं हातानं सदरा शिवला. दिवाळीच्या माहेरपणात शहापूरला गेलो तेव्हा तो नानांच्या पुढ्यात ठेवला. नानांनी घडी मोडली. उजवी बाही मनगटापर्यंत, डावी कोपराच्या वर.

त्यांनी डावी बाही बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "ह्या हातानं तुझं तोंड जाळलं गो."

जानकी म्हणाली, "हात नाय चुकला, नाना. एका हातावर सगळा तालुका टाकलाता, ते चुकलं. आता तुमी हाताच्या आतल्या अंगाला लावा, नानींच्या कानामागं लावा, आनि जिला पायजे तिच्या सोताच्या कानामागं लावा. तिघांनी नाय म्हनलं नाय, तर द्या."

आतून नानींचा आवाज आला, "मला इचारलंय काय कुनी?" पण बाहेर आल्या तेव्हा त्यांचा पदर कानामागं सारलेला होता.

नानांनी सदरा त्याच वेळी घातला. इतकी वर्षं झाकलेला तो हात मी उघडा पाहिला. त्याचा रंग उतरला होता, कातडी नरम पडली होती, जुन्या डागांच्या जागा तेवढ्या कळत होत्या. एखाद्या दुसऱ्याच माणसाचा हात वाटत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नाना मुरबाडला आमच्या घरी आले. आयुष्यात एकदाच आले. धान्याच्या गाडीत बसून, किन्हवलीवरून, अंग धुळीनं माखलेलं. आम्ही घाबरलो, कुणाचं काय झालं म्हणून. ते ओटीवर टेकले आणि पाणी पिण्याच्याही आधी डावा हात पुढे केला. शाईच्या पेन्सिलीनं आखलेला एक चौकोन होता, आणि चौकोनाच्या आत कातडी लालभडक झालेली, पुरळ उठलेलं. एका फिरत्याच्या साबणानं.

"हात बोलला गो," ते म्हणाले. खाजेनं एवढा आनंदी झालेला माणूस मी पाहिला नाही. रस्ताभर ते तो हात खाजवत आले होते.

जानकीनं खोबरेल आणून लावलं. ती लावत असताना नानांनी सवयीनं तिची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग गोंधळून विचारलं, "कंच्या गालावर व्हता गो तो?"

"मला नाय आठवत, नाना," जानकी म्हणाली. ते खरं नव्हतं. नानांच्या स्वतःच्या डाव्या गालावरचा पांढरा डाग तिच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर होता.

पुढची काही वर्षं पेठेतल्या बायका पुन्हा दुकानात शिरल्या, की आधी हाताकडे बघत. आमच्या घरीही अजून तोच नियम आहे. मुलीनं कुठलीही नवी डबी आणली, की ती आधी कानामागं, आणि पुढच्या बाजारापर्यंत तोंडाला नाही. मुलगी कुरकुरते, जानकी तिचं ऐकत नाही.

नाना भातकापणीच्या दिवसांत गेले, दुकानात बसल्या बसल्या. निरोप मिळाल्यावर आम्ही निघालो आणि पोचलो तेव्हा आंघोळ घालायची होती. अंगात जानकीनं शिवलेल्या मापाचाच सदरा होता; तो पहिला कधीच विरला, पण शिंपी आता न विसरता तसाच बेतत असे. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला एक चौकोन आखलेला होता, रेघा ताज्या. त्यात काय लावलंय ते नानींना माहीत नव्हतं, दुकानात कुणाला माहीत नव्हतं. जानकी खाली बसली, तो हात तिनं मांडीवर घेतला आणि दाराकडच्या उजेडात वळवून बघितला. लाली नव्हती, पुरळ नव्हतं. आंघोळीचं पाणी आणलेल्या बायकांना तिनं सांगितलं, तेवढी जागा पुसू नका.

बाजाराला अजून अवकाश होता.